उंचावलेले नाक : गॅसर गाड्या आणि स्मरणरंजन

'नॉस्टॅल्जिया' या शब्दाला मराठीने 'स्मरणरंजन' हा प्रतिशब्द स्वीकारला, तेव्हा एक अर्थ गळाला आणि दुसरा आत आला. योहानेस होफर या तरुण वैद्यकाने १६८८ साली बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात मूळ शब्द घडवला, तो परमुलखात झुरणाऱ्या स्विस माणसांच्या दुखण्याला नाव हवे म्हणून. 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. मराठी शब्दात ही वेदना नाही. तिच्या जागी रंजन आहे. आणि रंजन ज्या 'रञ्ज्' धातूपासून आले, त्याचा मूळ अर्थ रंगणे, रंगवणे असा आहे. करमणुकीची छटा त्यानंतरची. मराठी शब्दाचा काटेकोर अर्थ लावायचा तर, स्मरणाला रंग देणे असा लावावा लागेल. प्रस्तुत लेखाचा विषय पाहता हा अर्थ आम्हांला फार सोयीचा वाटतो, कारण येथे ज्या स्मरणाची गोष्ट सांगायची आहे ते खरोखरच पत्र्यावर रंगाचे थर चढवून घडवले जाते.

१९३०-४०च्या दशकांतल्या अमेरिकी मोटारी, १९५०-६०च्या दशकांतल्या ड्रॅग शर्यतींच्या धर्तीवर बदललेल्या, आणि आज एकविसाव्या शतकात हौसेने बाळगलेल्या, अशा या वस्तूत तीन काळ एकावर एक बसलेले आहेत. वाङ्मयाच्या अभ्यासकांचे मोटारींच्या आखाड्यात काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. एखादा आकार गरजेतून जन्मतो, गरज संपल्यावर टाकून दिला जातो आणि काही काळाने केवळ आकार म्हणून परत येतो, ही घटना साहित्याच्या इतिहासात आपण वारंवार शिकवतो. ओवी जात्यावरून ग्रंथात कशी गेली, बखरीची भाषा बखरी संपल्यावर कादंबरीकारांना का हवीशी वाटली, हे आपले नेहमीचे प्रश्न. गॅसर नावाच्या गाडीत हीच प्रक्रिया वीस-पंचवीस वर्षांच्या अवधीत, डोळ्यांसमोर घडलेली दिसते.

ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्यांची सरळ रेषेतली शर्यत. थांबलेल्या स्थितीतून सुटायचे आणि पाव मैलाचे, म्हणजे १,३२० फुटांचे, अंतर कोण आधी कापतो ते पाहायचे. वळण नाही, फेरा नाही. विदर्भातला शंकरपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना सरळ पट्टी, शेजारी धावणाऱ्या दोन जोड्या आणि सेकंदांचा हिशेब यांचे नवल वाटणार नाही. मात्र साम्य तेवढ्यापुरतेच. अमेरिकेतल्या या खेळाचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तलावांत आहे. त्या सपाट, कडक तळांवर तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या उघड्याबोडक्या करून पळवीत. १९३७ साली त्यांच्या मंडळांचा संघ स्थापन झाला. मग महायुद्ध आले. युद्धाहून परतलेल्या पिढीजवळ यंत्रज्ञान होते, खिशात थोडे पैसे होते, आणि स्वस्त जुन्या गाड्या मुबलक होत्या. शर्यती रस्त्यांवर होऊ लागल्या, अपघात होऊ लागले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली.

या उपद्रवाला जागा मिळाली ती विमानांच्या धावपट्ट्यांवर. १९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या वापरात नसलेल्या पट्टीवर प्रेक्षकांकडून पैसे घेऊन शर्यती सुरू झाल्या. १९४८मध्ये निघालेल्या 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि १९५५मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. एका खेळाचा पाया मासिकाच्या संपादकाने घालावा, ही गोष्ट आमच्यासारख्यांना सुखावणारी आहे. पार्क्स यांचे काम पाहिले तर ते बरेचसे संपादकाचेच होते : वर्गवारी करणे, नियम लिहिणे, काय बसते आणि काय बसत नाही हे ठरवणे.

'गॅसर' हा शब्द त्या वर्गवारीतून निघाला. नायट्रोमिथेनसारखी स्फोटक द्रव्ये न वापरता पंपावरच्या पेट्रोलवर, म्हणजे अमेरिकी बोलीतल्या 'गॅस'वर धावणाऱ्या बंद टपाच्या गाड्यांचे हे वर्ग. इंजिनाच्या घनफळाशी गाडीच्या वजनाचे प्रमाण काय, यावरून ए-गॅस, बी-गॅस असे गट पडत. गाडीला दिवे, मडगार्ड, आतली बैठक असली पाहिजे. ती रस्त्यावरची गाडी वाटली पाहिजे, असा संकेत होता. १९५७ ते १९६३ या काळात असोसिएशनने आपल्या स्पर्धांतून नायट्रोला बंदीच घातली, आणि पेट्रोलवरच्या गाड्यांचे महत्त्व आपोआप वाढले. पुढे ज्याला सुवर्णकाळ म्हटले गेले त्याच्या मुळाशी असा एक नकार आहे. बंधन घातल्यामुळे रचना फुलते, हे वृत्तबद्ध कविता शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आता त्या प्रसिद्ध आकाराविषयी. गॅसर गाडी लांबूनही ओळखू येते ती तिच्या उंचावलेल्या नाकामुळे. पुढची बाजू उचललेली, पुढची चाके किडकिडीत, मागची रुंद आणि त्यांच्यासाठी पत्रा गोलाकार कापलेला. पुढे मूळची सस्पेन्शन काढून ट्रकला शोभेल असा सरळ, अखंड एक्सल आणि कमानपाटे बसवलेले. गाडी उभी असली तरी उडी घेण्याच्या बेतात असल्यासारखी दिसते. हा थाट कोणा चित्रकाराने काढला नव्हता. त्या काळचे मागचे टायर कडक असत. सुटताना ते जागच्या जागी फिरत राहात आणि सगळी शक्ती धुरात जाई. गाडी वेग घेऊ लागली की वजन मागे सरकते, आणि गुरुत्वमध्य जितका उंच, दोन्ही चाकांतले अंतर जितके कमी, तितके ते अधिक सरकते. म्हणून गाडी उंच करायची, इंजिन नियम परवानगी देतील तितके मागे न्यायचे आणि मागच्या चाकांना जमिनीत रुतवायचे. अति होऊ नये म्हणून क्रँकशाफ्टचा मध्य जमिनीपासून २४ इंचांच्या वर जाऊ नये असा नियम होता. म्हणजे ज्याला आज लोक 'ॲटिट्यूड' म्हणतात, ते मुळात वाईट टायरांवरचे उत्तर होते.

याच हिशेबाने विलिज ही गाडी या खेळाची नायिका ठरली. ओहायोतल्या टोलेडो गावची विलिज-ओव्हरलँड कंपनी १९३३ साली दिवाळखोरीच्या दारात होती. त्याच वर्षी तिने आपली छोटी, स्वस्त, चार सिलिंडरची गाडी आणली. मंदीच्या काळातल्या काटकसरी कुटुंबांची ही गाडी. तिच्या वाट्याला प्रतिष्ठा कधीच आली नाही. १९४१पर्यंतची तिची रूपे हलकी आणि आखूड होती. दोन्ही चाकांतले अंतर जेमतेम १०० इंच किंवा त्याहून थोडे अधिक. इंग्लंडची फोर्ड अँग्लिया तर ९० इंचांचीच. कोणाला नको असलेल्या या गाड्या भंगारात मातीमोलाने मिळत. तरुण त्यांचे मूळ इंजिन काढून फेकत आणि तेथे क्रायस्लर, ओल्ड्समोबिल किंवा १९५५नंतर शेव्हरलेचे व्ही-आठ इंजिन बसवत. वर ट्रक-बसच्या दुहेरी स्ट्रोकच्या डिझेल इंजिनावरून उतरवलेला जीएमसीचा ब्लोअर, सुपरचार्जर म्हणून. हलाखीतून निघालेली गाडी आणि ट्रकचे फुप्फुस, असा तो संकर.

फेकून दिलेल्या त्या चार सिलिंडरच्या इंजिनाचे पुढे काय झाले, हे येथे थोडे अवांतर असले तरी सांगितले पाहिजे. १३४ घन इंचांचे तेच इंजिन, १९३८नंतर बार्नी रूस या अभियंत्याने सुधारून साठ अश्वशक्तीपर्यंत आणलेले, युद्धकाळात जीपमध्ये गेले. १९४२च्या आरंभी विलिजने प्रवासी गाड्या बंद केल्या त्या जीपसाठीच. आणि १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी जुळवायला घेतली ती हीच विलिजची जीप. आपल्याकडे तालुक्याच्या गावी मामलेदार, वनाधिकारी आणि नंतर उमेदवार मंडळी ज्या जीपमधून फिरली, तिच्या बॉनेटखालचे इंजिन आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी अडगळीत टाकलेले इंजिन ही एका घराण्यातली. एका देशात जे टाकाऊ, ते दुसऱ्या देशात सरकारी रुबाबाचे चिन्ह झाले. मराठी ग्रामीण कथेत धुरळा उडवीत येणारी जीप म्हणजे सत्ता, हे समीकरण आपल्याला इतके परिचित आहे की विलिज या नावाशी कोणी खेळ आणि पोरवयाचा संबंध लावतो, याचे प्रथम आश्चर्यच वाटते.

१९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात 'गॅसर युद्धे' म्हणून प्रसिद्ध झालेला काळ येतो. एका बाजूला स्टोन, वुड्स आणि कुक या त्रयीची निळी १९४१ची विलिज. तिच्या दारावर 'स्विंडलर', म्हणजे चक्क 'ठक', असे नाव. दुसऱ्या बाजूला 'बिग जॉन' मझमानियन यांची लालभडक, कँडी रंगाची विलिज. तिकडे ओहायोत जॉर्ज माँटगोमेरी आपल्या १९३३च्या विलिजने स्पर्धांमागून स्पर्धा जिंकत होते. खरी चढाओढ धावपट्टीवर होती तितकीच छापील पानांवर होती. कॅमशाफ्ट बनवणाऱ्या कंपन्या, विशेषतः एड इस्केंडेरियन यांची आणि त्यांची प्रतिस्पर्धी एंगल, आठवड्याच्या आठवड्याला जाहिराती देऊन एकमेकांच्या गाड्यांना नावानिशी डिवचत. गेल्या रविवारी कोण हरले, का हरले, पुन्हा समोर येण्याची छाती आहे काय, असा सगळा मजकूर. आमच्यापुढे तर कलगी-तुऱ्याचा फड उभा राहतो. सवाल टाकायचा, जवाबाची वाट पाहायची, आणि प्रेक्षकांनी त्या जवाबासाठी पुढल्या रविवारी तिकीट काढायचे. पट्टीवरची झुंज दहा सेकंदांच्या आसपास संपे; तिचे आख्यान मात्र आठवडाभर चाले. आज जी आठवण उरली आहे ती बहुतांशी या आख्यानाची आहे, असे आमचे मत आहे.

रंगाविषयी वर सूचित केले होते. कँडी रंग म्हणजे चंदेरी किंवा सोनेरी थरावर पारदर्शक रंगाचे थर चढवून आणलेली खोल चकाकी. टॉम वुल्फ यांनी १९६३मध्ये 'एस्क्वायर'साठी या साऱ्या गाड्यासजावटीच्या जगावर लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा की प्रतिष्ठित कलाजगताने ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही असे हे कारागीर आकाराचा विचार शिल्पकारांइतक्याच गांभीर्याने करतात. त्या लेखाच्या नावाने १९६५ साली पुस्तक निघाले आणि नव्या पत्रकारितेच्या चर्चेत ते आजही येते. वुल्फ यांच्यापुढे अडचण शैलीची होती : रुळलेल्या निबंधभाषेत हे जग मावत नव्हते. आमच्या मते ती अडचण अजून संपलेली नाही. या गाड्यांवरचे आजचे लेखन एकतर सुट्या भागांची यादी होते किंवा उसासा.

मग हा आकार का गेला? कारण तो ज्या प्रश्नाचे उत्तर होता, तो प्रश्नच सुटला. दशकाच्या मध्यावर मऊ, चुण्या पडणाऱ्या भिंतींचे नवे टायर आले. पकड मिळू लागली. नाक उंच ठेवण्याची गरज उरली नाही. उलट वेग वाढल्यावर तेच उंच नाक वाऱ्याला अडू लागले. गाड्या पुन्हा जमिनीलगत आल्या. १९६७ साली खुद्द माँटगोमेरी यांनी विलिज सोडून मस्टँगचा साचा घेतला. प्रेक्षकांना फनी कार अधिक नाट्यमय वाटू लागल्या, १९७०मध्ये प्रो स्टॉक हा नवा वर्ग आला आणि गॅसचे वर्ग हळूहळू विरत गेले. लाँग बीचजवळची, १९५५ साली लायन्स क्लबांच्या पुढाकाराने सुरू झालेली विख्यात पट्टी डिसेंबर १९७२मध्ये बंद पडली.

आणि लगेच, अगदी लगेच, स्मरण सुरू झाले. ऑगस्ट १९७३मध्ये जॉर्ज लुकास यांचा 'अमेरिकन ग्राफिटी' प्रदर्शित झाला. त्याची कथा १९६२ सालातल्या एका रात्रीची. अवघी अकरा वर्षे मागे जाऊन एखाद्या समाजाला परतण्यासाठी 'जुना काळ' सापडावा, हे विलक्षण आहे. मधल्या वर्षांत केनेडींचा खून झाला होता, व्हिएतनाम झाले होते. चित्रपट ऑगस्टचा, ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. चित्रपटातली काळी १९५५ची शेव्हरले ही मुळात माँटी हेलमन यांच्या १९७१च्या 'टू-लेन ब्लॅकटॉप' या कोरड्या, जवळजवळ मुक्या चित्रपटासाठी तयार झालेल्या गाड्यांपैकी होती. तेथे ती प्रायमरच्या करड्या रंगात होती. येथे तिला काळा चकचकीत रंग मिळाला. एकच गाडी, दोन वर्षांच्या अंतराने, एकदा स्मरणाशिवाय आणि एकदा स्मरणासह. रंजनाचा धात्वर्थ याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही. तरीही लुकास यांना श्रेय दिले पाहिजे. चित्रपटाच्या अखेरीस येणाऱ्या चार ओळींत कळते की गाडीवाला नायक १९६४मध्ये दारूड्या चालकाच्या धडकेत मरण पावला आणि त्याचा मित्र १९६५मध्ये व्हिएतनामात बेपत्ता झाला. ग्रीक शब्दातला 'आल्गोस' तेवढ्या चार ओळींपुरता परत येतो. प्रेक्षकांनी गाड्या लक्षात ठेवल्या आणि त्या ओळी विसरल्या, हा दोष दिग्दर्शकाचा नाही.

१९९२ साली बेकर्सफील्डजवळच्या फामोसो येथे 'कॅलिफोर्निया हॉट रॉड रीयुनियन' सुरू झाले. १९९८मध्ये पोमोना येथे वॉली पार्क्स यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. जुन्या गाड्या कोठारांतून निघाल्या, नव्याने बांधल्या जाऊ लागल्या, 'नॉस्टॅल्जिया' हे शर्यतीच्या एका प्रकाराचे अधिकृत नाव झाले. येथे आमच्या शास्त्राशी थेट नाते सांगणारा प्रश्न उभा राहतो : मूळ प्रत कोणती?

विंटेज गाड्यांच्या रूढ जगाचे धोरण स्पष्ट आहे. कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली तशी ती पुन्हा करायची. नंतरचे सर्व फेरफार म्हणजे प्रक्षेप, ते काढून टाकायचे. भांडारकर संस्थेत १९१९पासून १९६६पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे काम झाले, त्यामागची दृष्टी अशीच होती : उपलब्ध हस्तलिखितांवरून जितके मागे जाता येईल तितके जायचे. गॅसरवाले मात्र वेगळ्या पंथाचे. त्यांना १९४१ची विलिज १९४१सारखी नको आहे. १९६३मध्ये ज्याने तिचा पत्रा कापला, त्याची करवत त्यांना प्रमाण. गाथेची सर्वांत जुनी वही कोणती यापेक्षा फडावर गायली गेलेली सांप्रदायिक प्रत महत्त्वाची मानणाऱ्यांची ही भूमिका आहे, आणि आम्हांला ती मुळीच अशास्त्रीय वाटत नाही. वापर हादेखील पाठाचा इतिहास असतो. कारखान्याच्या दारात गाडीचा जन्म होतो. आयुष्य नंतरचे असते.

अडचण पुढे येते. मूळच्या पोलादी विलिज थोड्याच उरल्या. आज धावणाऱ्या पुष्कळशा गाड्यांचे सांगाडे फायबरग्लासचे, नव्या साच्यातून काढलेले. काही हौशी तर नव्या पत्र्यावर मुद्दाम गंज आणि उडालेला रंग चढवून घेतात. शिवाय रेव्हेल कंपनीने साठच्या दशकातच या गाड्यांचे प्लॅस्टिकचे जुळणीसंच विकायला काढले होते. आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येकांना 'स्विंडलर' प्रथम भेटली ती डब्यातल्या सुट्या तुकड्यांच्या रूपात, जेवणाच्या टेबलावर, डिंकाच्या वासासह. त्यांची आठवण प्रतिकृतीचीच आहे आणि मोठेपणी ते तिची मोठी प्रतिकृती बांधतात. बनावट म्हणून या साऱ्याची टर उडवणे सोपे आहे. आम्हांला तसे करवत नाही, कारण ज्या प्रामाणिकपणाने ते कमानपाट्यांची जाडी आणि अक्षरांचे वळण जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहतात, तितकी चिकाटी आमच्या प्रबंधलेखनात क्वचित आढळते.

स्वेतलाना बॉयम यांनी २००१च्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले : हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा बांधू पाहणारे, आणि ते हरवले आहे या जाणिवेतच रेंगाळणारे. पहिला प्रकार बहुधा राजकारणाकडे सरकतो. गॅसरच्या बाबतीत ही शक्यता नाकारता येत नाही. 'तेव्हा माणसे स्वतःच्या हाताने कामे करीत' या वाक्यातला 'तेव्हा' कोणाचा, हे विचारले पाहिजे. स्टोन, वुड्स आणि कुक यांच्यातले टिम वुड्स कृष्णवर्णीय होते. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात ऑगस्ट १९६५मध्ये वणवा पेटला, त्या वेळी त्याच शहराच्या पट्ट्यांवर त्यांच्या गाडीला हजारो गोऱ्या प्रेक्षकांच्या टाळ्या पडत होत्या. या दोन गोष्टी एकाच उन्हाळ्यातल्या आहेत. स्मरणाचे चित्र रंगवताना दुसरी उरते, पहिली पुसली जाते. शर्ली शाहान यांनी १९६६ साली असोसिएशनची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली तोवर तसे कोणा स्त्रीने केले नव्हते. जुन्या छायाचित्रांत स्त्रिया दिसतात त्या बहुतेक गाडीशेजारी करंडक धरून उभ्या.

तरी ही वस्तू सहजासहजी राजकारणाच्या हाती लागत नाही, असेही आम्हांला वाटते, कारण ती चालवावी लागते. पुतळ्याला आणि पोवाड्याला जे जमते ते क्लच असलेल्या यंत्राला जमत नाही. काही संघटना १९६७ ही मर्यादा आखून, त्यानंतरचे काही दिसता कामा नये असा आग्रह धरतात. हाताने गिअर बदलायचा, आणि १९६३मध्ये आलेला दिव्यांचा खांब काढून पूर्वीसारखा निशाणवाला उभा करायचा. तो दोन गाड्यांच्या मध्ये, उडी मारून, निशाण उंचावतो. सरळ एक्सलची आखूड गाडी सुटताना पुढची चाके हवेत जातात आणि खाली आल्यावर ती कोणत्या दिशेला वळलेली असतील याचा भरवसा नसतो. येथे भूतकाळ सुरक्षित अंतरावर राहात नाही. म्हणून नियमांत एका ठिकाणी १९६७ची मर्यादा निमूटपणे ओलांडलेली असते. काच, रंग, अक्षरे, चाके सारे जुन्या वळणाचे. पण दार उघडून आत डोकावले, तर चालकाच्या भोवती पोलादी नळ्यांचा दाट पिंजरा असतो आणि खांद्यांवरून आलेले रुंद पट्टे छातीवर बांधलेले असतात. जुन्या छायाचित्रांत तेथे बहुधा एखादीच कमान असते, आणि चालकाच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा.